पायताण वाजलं पाहिजे

६ जानेवारी, सोमवार

आली एकदाची पाहुणी! तेजस्वी म्हणाली होती दुपारी चार, आली साडेसातला. भाकऱ्या तीनदा झाकल्या, तीनदा उघडून बघितल्या. शेवटी गार त्या गारच.

नाव सलामतू. घाना नावाच्या देशातलं तमाले हे तिचं गाव. चाळिशीची असेल, माझ्यापेक्षा वीतभर उंच. दारात आली, हात जोडले आणि पहिलं काम काय केलं, तर दाराशी असलेली आमच्या सगळ्यांची पायताणं एकेक करून उलटी केली! उलटं पायताण दिसलं की घरात भांडण, हे हिला कोण सांगणार? मी सरळ केलं, तिने परत उलटं केलं. बाई तळाची शिलाई बघत होती. तेजस्वी हसून हसून बेजार. ही पोरगी कारागिरांच्या एका संस्थेत काम करते, तिनेच हे सगळं जमवून आणलंय.

मग पिशवी सोडली. आत लालभडक कातडं — बकऱ्याचं, हाताला लोण्यासारखं. आणि एका फडक्यात वाळक्या शेंगा. आप्पांनी एक शेंग उचलली, वास घेतला, दातांनी चावली आणि एकदम ओरडले, "अगं, ही तर बाभळ की!" (आप्पा म्हणजे माझे सासरे, आकाराम. ऐंशीला एक कमी. कान जवळजवळ गेलेत, आवाज शाबूत आहे.) तिच्याकडे याच शेंगांनी कातडं कमावतात म्हणे. आप्पा म्हणाले, "आमच्यात सालीनं कमावत्यात. शेंगा शेळ्या खात्यात." तेजस्वीने ते तिला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, साल काढली तर झाड मरतं, शेंगा दरवर्षी येतात.

आप्पांनी शेंग पुन्हा एकदा चावून बघितली. मग म्हणाले, "पावणी शानी हाय."

आप्पा कुणाला शहाणं म्हणाले, त्याला किती वर्षं झाली असतील!


७ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या ताजबीने सलामतूला नमाजाची दिशा दाखवली आणि मटणाची जबाबदारीही स्वतःकडे घेतली. माझ्या दोन काळज्या मिटल्या.


९ जानेवारी, गुरुवार

तेजस्वीने आज सगळ्यांना बसवून करार समजावला. हॉलंडमधल्या एका दुकानाला नवं पायताण पाहिजे. वरचा पट्टा आणि वेणी तमालेच्या लाल कातड्याची, तळ आणि शिलाई आमच्या पद्धतीची. सलामतूने सात आठवड्यांत तळ शिकायचा आणि नमुन्याची जोडी स्वतःच्या हाताने करायची. ती पास झाली तर दोन वर्षांचं काम — अर्धं तिकडच्या अकरा बायकांना, अर्धं आमच्या गल्लीतल्या वेणी घालणाऱ्या आम्हा नऊजणींना. पुढे सगळं पायताण तिकडेच होईल इतकं त्यांना शिकवायचं. 'कोल्हापुरी' नाव लावायचं नाही. आत दोन्ही गावांची नावं छापायची.

खरं लिहू? मला आवडलं नव्हतं. आमचीच पोरं हे काम सोडून कारखान्यात निघालीत. माझा नवरासुद्धा तिथेच जातो. आणि आम्ही आमचं हुन्नर परदेशात वाटायला बसायचं! दुपारी वेणी घालता घालता मी हे तिला बोलूनही दाखवलं. माझं बारावीचं इंग्रजी आणि फोन — दोघांनी मिळून काहीतरी पोहोचवलं असेल.

ती रागावली नाही. म्हणाली, "आम्ही नुसतं कातडं विकतो. भाव घेणारा ठरवतो. मग तेच कातडं बूट होऊन आमच्याच बाजारात येतं, दुसऱ्याचं नाव लावून."

मग फोनवर एक फोटो दाखवला. धाकटी बहीण, रबियातू. सव्वीस वर्षांची. राजधानीत, अक्राच्या बाजारात डोक्यावर लोखंडी घमेलं घेऊन लोकांची ओझी वाहते. दुकानांच्या बंद शटरपुढे दहा-बारा पोरींबरोबर झोपते. गावात काम नाही म्हणून गेली, त्याला पाच वर्षं झाली. "ही जोडी पास झाली की तिला घरी आणणार," सलामतू म्हणाली. एवढंच. रडली वगैरे नाही. फोन पुसून ठेवून दिला.

शिकवल्याने हुन्नर आटत नाही, असं स्वतःला समजावलं. अर्धं पटलं.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. सलामतूला तिळगूळ दिला आणि "गोड बोला" म्हणजे काय ते सांगितलं. ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "हे आप्पांना जास्त द्या."

तिला वाटत होतं आप्पा तिच्यावर रोज रागावतात! मी म्हटलं, बाई, हे कोल्हापूर आहे. इथे प्रेमसुद्धा ओरडूनच करतात. त्यात त्यांना ऐकू येत नाही, म्हणून दुप्पट. तेवढ्यात आतून आप्पांची हाक — "ए पावणं! च्या गार व्हायलाय की!" सलामतू दचकली, मग मला धरून जी हसत सुटली! तिचं हे पहिलं मोठं हसू. आता तीही "व्हय" आणि "न्हाय" ओरडूनच म्हणते.


१९ जानेवारी, रविवार

आज डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आप्पांनी सलामतूच्या हातात रापी दिली. रापी! कातडं कापायचं ते हत्यार आमच्या घरात फक्त पुरुषांनी धरायचं. बायकांनी वेणी घालायची, वाद्या ओवायच्या, गोंडे करायचे. मी या घरात येऊन चोवीस वर्षं झाली. रापीला धार लावून आणायला मी, पुसून ठेवायला मी, पण कापायला कधी हातात आली नाही. आणि ही येऊन तेरा दिवस झाले नाहीत तर आप्पांच्या पोत्यावर, त्यांच्या शेजारी बसून तळ कापतेय! तिच्याकडेही म्हणे सुरी पुरुषच धरतात. म्हणून तिने सरळ विचारलं, "मला द्या." आणि त्यांनी दिली.

एवढ्यावर थांबलं नाही. तिचं पाऊल हातात घेतलं. आप्पा नुसतं खडूने माप काढत नाहीत. माणसाचं पाऊल तळहातावर घेतात, वजन टाकायला लावतात, आणि त्यावरून ठरवतात — पायताण वाजायला तळाच्या दोन थरांत काय आणि किती घालायचं ते. प्रत्येकाच्या चालीचा आवाज वेगळा. आप्पांचं पायताण घालून पैलवान तालमीत शिरला की वस्तादाला न बघता कळायचं कोण आलंय. नवरदेवांच्या जोड्यांसाठी लोक सांगलीहून यायचे. आत काय घालतात ते आप्पांनी कुणाला सांगितलेलं नाही. पोटच्या पोरालाही नाही. त्याने कधी पोत्यावर बूड टेकलं नाही, सांगणार कधी?

आता त्यांनाच आवाज ऐकू येत नाही. जोडी झाली की दिसेल त्याला घालून चालायला लावतात आणि विचारतात, "वाजतंय का?"

आणि माझ्या पायात काय? बाजारची रबरी स्लीपर. सासऱ्याने सुनेचं पाऊल हातात धरायचं नसतं. म्हणून निम्म्या कोल्हापुराला घातली ती जोडी माझ्या पायात कधी आलीच नाही. मला कधी त्याचं वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं. "लेकी, टाच टेक नीट," म्हणत होते तिला. पावणीची लेक झाली! लेकी बोले सुने लागे, म्हणतात ना — तसं अगदी टोचून गेलं.

रात्री भाजीत मीठ जास्त पडलं. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही.


२३ जानेवारी, गुरुवार

आप्पा चहाला बाहेर गेले तेव्हा मी गुपचूप रापी उचलली. एक पट्टी कापली. दुसरीला बोट कापलं.

सलामतूने बघितलं. त्यांच्याकडे एका झाडाच्या बियांपासून लोणी काढतात, ते स्वतःच्या डबीतलं लावलं, चिंधी बांधली, रक्ताचा डाग पुसला आणि रापी होती तशी ठेवली. आप्पांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "वर्षाताई — विळी!" विळी हा शब्द तिला कुणी शिकवला कोण जाणे.

मीठ जास्त घातल्याची आज लाज वाटली.


२४ जानेवारी, शुक्रवार

चोवीस वर्षांत त्यांनी दिली नाही, हे खरं. पण चोवीस वर्षांत मी मागितली कधी?


१ फेब्रुवारी, शनिवार

झाली! नमुन्याच्या दोन जोड्या झाल्या. एक पाठवायची, एक इथे ठेवायची.

तळ सलामतूने कापला, शिलाई तिची, पट्टा तिच्या आईने कमावलेल्या कातड्याचा. वेणी मी शिकवली पण घातली तिने. नऊपदरी, माझ्यापेक्षा जरा ढिली, आणि दिसायला मात्र माझ्यापेक्षा चांगली. हे तिला सांगणार नाही. काल संध्याकाळी आप्पा म्हणाले होते, "ठेवा हितं. शेवटचा हात मी फिरवतो." कडा घासतील, तेल लावतील असं वाटलं.

आज सकाळी तिने घालून बघितली. पायरीवरून अंगणात पाऊल टाकलं आणि — कर्र! कर्र! काय खणखणीत! ताजबी रस्सा ढवळता ढवळता बाहेर आली. गल्लीतल्या नऊच्या नऊ बायका जमल्या. मी तर टाळ्याच वाजवल्या. सलामतूला काही कळेना. मी सांगितलं, "अगं, चांगलं झालं की असं वाजतं!" तिचा चेहरा असा फुलला! अंगणात सात फेऱ्या मारल्या. आप्पा उंबऱ्यावर बसून तिच्या पायांकडे बघत होते. "वाजतंय का?"

"वाजतंय!" सगळ्या गल्लीने उत्तर दिलं.

दुपारी तेजस्वीने खोकं पाठवून दिलं. पेढे वाटले. पास व्हायच्या आधी वाटू नयेत, पण वाटले.


१० फेब्रुवारी, सोमवार

नापास.

तेजस्वीने व्हिडिओ दाखवला. हॉलंडची बाई लाकडी जमिनीवरून चालतेय. कर्र, कर्र, कर्र. थांबते, तळ वाकवून बघते, मान हलवते. खाली लिहिलंय — शिलाई सैल असावी, चालताना आवाज येतो, गंभीर दोष, हे काम पुढे नेता येणार नाही.

दोष! आम्ही ज्याला टाळ्या वाजवल्या तो दोष! आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही की बाहेरच्या माणसाला हा आवाज नको असेल. कोल्हापुरात न वाजणारी जोडी गिऱ्हाईक परत आणून देतं. इतका अंगवळणी पडलेला आवाज, की तो काढून टाकायचा असतो हे सुचायचं तरी कसं?

सलामतूने व्हिडिओ तीनदा बघितला. मग स्वतःचे हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडेच बघत राहिली. "माझी शिलाई," म्हणाली. मी नाही नाही म्हणत राहिले, पण मला तरी काय माहीत? रबियातूचा फोन आला होता. सलामतूने उचलला नाही.

आप्पांना कुणी काही सांगितलं नाही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी आप्पा झोपलेले. सलामतूने इथे ठेवलेली दुसरी जोडी घेतली आणि मागच्या पडवीत बसून तळ उसवायला लागली. टाका न् टाका बघत होती — कुठे सैल? एकही नव्हता. मी बघितला ना, लोखंडासारखी शिलाई! मग तिने दोन थर वेगळे केले, आणि आतून काहीतरी तिच्या तळहातावर पडलं. चिमूटभरच. काय ते इथेही लिहीत नाही. आप्पांनी साठ वर्षं जपलेली गोष्ट, माझ्या वहीने फोडायची नाही.

"हे मी नाही घातलं," ती म्हणाली.

मला आप्पांचं ते बोलणं आठवलं. शेवटचा हात मी फिरवतो! तिला लेक म्हटलं, म्हणून रात्रीत चार टाके उसवून-शिवून स्वतःचं सगळ्यात चांगलं ते तिच्या जोडीत घातलं होतं त्यांनी. नवरदेवाच्या जोडीत घालतात ते.

तिलाही कळलं असावं. तेवढ्यात आप्पांच्या काठीचा आवाज आला. आणि बघ, तिने झटकन मूठ मिटली! दोन्ही तळ एकमेकांवर ठेवून पदराखाली — म्हणजे तिच्या त्या मोठ्या रुमालाखाली — झाकले. मला मानेनेच खुणावलं. न्हाय.

बहिणीचं सगळं या जोडीवर अवलंबून, आणि ही म्हाताऱ्याची चूक झाकतेय! मी तिला वेड्यासारखी बघत राहिले. माझी सख्खी बहीण असती तर पाठीत धपाटा घातला असता आणि जवळ घेतली असती.


१२ फेब्रुवारी, बुधवार

ठरवलं, सांगायचं. पण आप्पांना सांगायचं कसं? त्यांच्या कानात सांगायचं म्हणजे तीन गल्ल्यांना सांगायचं. "आप्पा, तुमच्यामुळं माल परत आला" असं बोंबलू?

शेवटी कागदावर लिहिलं. मोठ्या अक्षरात. 'हॉलंडच्या बाईंना आवाज दोष वाटला. सलामतूला नापास केलं. तिला माहीत आहे आत काय निघालं. ती तुमचं नाव सांगणार नाही.' चहाच्या बशीखाली ठेवलं आणि स्वयंपाकघरात पळाले.

चष्मा लावून वाचलं. बोट फिरवत, दोनदा. चहा तसाच राहिला. मग उठले, पडवीत गेले. सलामतू बॅग भरत होती. तिच्यापुढे उकिडवे बसले — या वयात, गुडघे धरून! — आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"तुझ्या हातात खोट न्हाय, लेकी. खोट माझी हाय."

भाषांतर करायला कुणी नव्हतं. लागलंही नाही.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज आप्पा लग्नाला नेसतात ते धोतर नेसले, टोपी घातली आणि तेजस्वीला म्हणाले, "लाव त्या बाईला फोन. तोंड दिसतंय तसला." तेजस्वी मध्ये बसली.

"बाई, ही पोरगी निर्मळ हाय. शिलाई उसवून बगा, दात तुटतील. त्ये मी घातलं हुतं, तिला न सांगता."

तिकडून बाईने विचारलं, पण आवाज घालायचाच कशाला?

आप्पा चकित! "कशाला म्हंजे? माणूस आलेलं कळाय नको? चोरावाणी कशाला यायचं कुणाच्या दारात!"

तेजस्वीने सांगितलं तशी बाई हसली. तिने साध्या, न वाजणाऱ्या जोडीसाठी एक आठवडा दिला. पण हे शेवटचं, म्हणाली. आप्पांनी फोनला हात जोडले. मी दाराआड उभी होते. साठ वर्षं ज्या आवाजासाठी लोक दारात यायचे, तो काढून टाका असं स्वतःच्या तोंडाने कबूल करून आला हा माणूस. आणि जेवायला बसल्यावर म्हणतात काय — "सूनबाय, आज मीठ बेतात हाय."

म्हणजे त्या दिवशी कळलं होतं तर!


१५ फेब्रुवारी, शनिवार

नवी जोडी झाली, गेली. आप्पांनी बोटही लावलं नाही. शेजारी बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते. सलामतूने घालून चालून दाखवलं. मांजरासारखी. आवाज शून्य.

"वाजतंय का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय!" आम्ही सगळ्या ओरडलो.

"ब्येस," म्हणाले. पण तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्यांचं.


२२ फेब्रुवारी, शनिवार

पास! पास! पास! दोन वर्षांचं काम! ताजबीने मला उचललं, स्वतःच्या कमरेची पर्वा न करता. सलामतूने आधी रबियातूला फोन लावला. काय बोलल्या कळलं नाही, पण दोघीही एकदमच बोलत होत्या. कुठल्याही देशातल्या बहिणी अशाच.

या वेळी पेढे निकालानंतर.


२३ फेब्रुवारी, रविवार

उद्या जाणार. आज दुपारी आप्पांनी सलामतूला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दोन तास! मी चहा घेऊन गेले तर दार बोटभर उघडून कप आत घेतले आणि पुन्हा बंद. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि हाताला तेल.

शिकवलं. ते आवाजाचं शिकवलं तिला. जे पोराला नाही, सुनेला नाही, ते सात आठवड्यांच्या पाहुणीला.

मोठं मन करायला पाहिजे. तिकडे अकराजणींचं भलं होईल, विद्या जिवंत राहील, सगळं कळतं मला. न्हाणीत जाऊन रडले. पाणी सोडून, म्हणजे कुणाला ऐकू जाणार नाही. आप्पांना काय, तसंही ऐकू जात नाही!


२४ फेब्रुवारी, सोमवार

गेली.

निघताना वेडेपणा केला तिने. रिक्षा दारात उभी, आणि ही माझ्यापुढे जमिनीवर बसली. माझी स्लीपर काढली, पाऊल तळहातावर घेतलं, "वजन, वजन" म्हणत वजन टाकायला लावलं. आधी डावं, मग उजवं. कागदावर खडूने आकार काढला. मी म्हटलं, "आता कसला सराव! गाडी चुकेल की!" कालचं मनात होतं, म्हणून आवाज जरा तुटकच निघाला. जवळ घेतलं तेसुद्धा घाईघाईत.

आप्पा उंबऱ्यावर होते. ओरडले, "पोचलीस की कळीव गं!" ती रिक्षातून तेवढ्याच मोठ्याने ओरडली, "व्हय!"

आता घर असं शांत आहे की कसंतरी होतंय. तिने दारात उलटं केलेलं एक पायताण तसंच आहे. सरळ करायला हात होत नाही.


१५ मे, गुरुवार

तमालेचा व्हिडिओ. पिंपळासारख्या कसल्याशा मोठ्या झाडाखाली अकराजणी. मधे सलामतू, हातात सुरी. तिचा कुणी काका आधी भांडायला आला होता म्हणे, बायका तळ कापतात म्हणून. आता तोच बाभळीच्या शेंगा गोळा करून आणतो! जोड्यांची पहिली खेप हॉलंडला पोहोचली. एकीने घरावर पत्रे घातले, एकीची पोरगी पुन्हा शाळेत जायला लागली.

"आणि रबियातू?" मी विचारलं.

अजून अक्रातच. म्हणते, आधी दोन खेपा जाऊ देत. काम येतं आणि जातं, हे तिने पाच वर्षांपूर्वी बघितलंय. सलामतू हसून बोलत होती, पण मला कळलं.

आमच्या नऊजणींच्या हातालाही रिकामपण नाही. हे लिहायलाच पाहिजे, कारण जानेवारीत भलतंच लिहिलं होतं.


१६ ऑक्टोबर, गुरुवार

तमालेहून खोकं आलं. पट्ट्यांच्या वर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जोडी. लाल. माझ्या मापाची. आत इंग्रजीत चिठ्ठी —

'ताई, वेणी रबियातूने घातली. ती घरी आली आहे. तळ मी कापला. आत आप्पांचं आहे. त्या दिवशी दार लावून ते माझ्या फोनमध्ये बोलले, फोनने मला सांगितलं, सुनेचं पाऊल मला हातात धरता येत नाही, लेकीला येतं. तू धर. तुझ्यासाठीच शिकवलं त्यांनी मला.'

घातली. अंगणात पाऊल टाकलं.

आप्पा उंबऱ्यावर चौकटीला टेकून दुसरीकडे बघत होते. मी वळसा घालून त्यांच्या समोर गेले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. बराच वेळ.

"वाजतंय का?"

"वाजतंय, आप्पा! आता मला शिकवा!" मी ओरडले. तीन गल्ल्यांनी ऐकलं असेल.

आप्पा उठून आत गेले, पोत्यावर बसले, एका बाजूला सरकले आणि रिकाम्या जागेवर रापी ठेवली.